पाचर लावलेला सूर

सोमवार

पाच मिनिटं दहा सेकंद ठेवायची की कापायची, एवढंच ठरवायचं होतं. सोमवार दुपारपासून शनिवार संध्याकाळपर्यंत वेळ होता. तसं पाहिलं तर भरपूर. कात्रीला किती वेळ लागतो?

शनिवारी तिची रचना वाजायची होती. चाळीस माणसांचा वाद्यवृंद, आणि त्यांच्या डाव्या अंगाला टेबलावर तिची विजेची पेटी: दोन सप्तकांच्या पट्ट्या, साठ-सत्तर बटणं आणि गुंतवळासारख्या वायरी. वृंदातले लोक पाठीमागे तिला वायरवाली म्हणत, तोंडावर ताई. वय अठ्ठावन्न. एवढ्या मोठ्या वृंदाने तिचं काही वाजवायला घेण्याची ही पहिली वेळ होती आणि वयाकडे बघता शेवटचीही असायला हरकत नव्हती.

ती कागदावर संगीत लिहीत नसे. कोऱ्या कागदापुढे तिचा हात आखडायचा. ती पेटीपुढे बसायची, ध्वनिमुद्रण चालू करायची आणि येईल ते वाजवत सुटायची. रोज दोन-दोन तास, महिनोन् महिने. बरा वाटलेला भाग कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत, एवढं वहीत टिपायची. परत मात्र ऐकायची नाही. ऐकलं की सजवावंसं वाटतं आणि सजवलं की मेलं, असं तिचं म्हणणं. न ऐकताच ती ते मास्तरांच्या हवाली करायची.

मास्तर म्हणजे एकेकाळचे क्लॅरिनेटवाले. दात गेले तशी क्लॅरिनेट गेली. कान मात्र जागच्या जागी राहिले. पेटीतून निघालेला सूर न् सूर ऐकून तो व्हायोलांनी वाजवायचा की हॉर्नांनी, किती ठोके, किती मोठ्याने, हे ते ठसठशीत अक्षरात उतरवून द्यायचे. "दिलं ते उतरवलं, पदरचं काही घातलं नाही," हे त्यांचं ब्रीद. पेटीने शिंक दिली तर मास्तरांनी ती बासरीला लिहून दिली असती.

तर सोमवारी पहिली पूर्ण तालीम. अकराव्या मिनिटापर्यंत सगळं सुरळीत. मग तिच्या पानावर मास्तरांनी लिहिलं होतं: *इथे पेटी गप्प.* म्हातारा आपल्याला दम खायला जागा देतोय असं तिला वाटलं. तिने हात मांडीवर ठेवले.

व्हायोलांनी एक खालचा सूर धरला आणि लगेच सोडला. शांतता. पुन्हा तोच सूर, जरा उजळ. लांबलचक शांतता. मग चेलो, सूर तोच, पण तीनदा हेलकावा घेऊन मिटलेला. पुन्हा शांतता.

सहाव्या की सातव्या खेपेला तिला ते ओळखू आलं. ही तिची रचना नव्हती. ही ती स्वतः होती, फोनवर बोलणारी.

पाच महिने आधी, एका मंगळवारी, सकाळी अकरा

पेटीला एक मायक्रोफोन जोडलेला असे. त्यातला आवाज मुद्रणात जात नसे, तो फक्त पेटीला ऐकू जायचा. खोलीत आवाज वाढला की पेटीचा सूर फुलायचा, उजळायचा. खोली गप्प झाली की सूर मिटायचा. ती गुणगुणली, खोकली, स्वतःशी हसली, की सूर पाळलेल्या जनावरासारखा तिच्या मागे मागे यायचा. घरात मागे मागे येणारं तेवढंच होतं.

त्या दिवशी दोन्ही हात बटणांवर मोकळे हवेत म्हणून तिने काडेपेटीच्या पुठ्ठ्याची घडी करून खालच्या एका पट्टीत पाचर मारली होती. पट्टी दबलेली, सूर लागलेला. तेवढ्यात फोन वाजला.

फोन जुना, तारेचा, बोळकांडीत. मोबाइल पेटीजवळ चालू ठेवला की पेटी गुरगुरायला लागायची, म्हणून तो बहुतेक वेळ बंदच. घर दोन खोल्यांचं आणि मधे ही हातभर बोळकांडी. दार उघडं असलं की तिथलं बोलणं मायक्रोफोनला खणखणीत ऐकू जाणार, हे तिला ठाऊक होतं. पण बोळकांडीत कुणी बोलायचा प्रसंगच येत नसे.

"आक्का?" पलीकडे एका म्हाताऱ्याचा आवाज. "झोपली होतीस काय गं?"

चुकीचा नंबर, हे म्हणायला एक श्वास पुरतो. तिने तो घेतलाही होता. पण त्या आठवड्यात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. झोपलीस का, उठलीस का, आहेस का, काहीच नाही. तिला सख्खं भावंड नव्हतं. ताई म्हणणारे पैशाला पासरी, पण ते ताई म्हणजे कामापुरतं, लिफाफ्यावरच्या मायन्यासारखं. हे आक्का मात्र डोक्यात टपली मारावी तसं आलं.

"हं," ती म्हणाली.

आणि पुढची पाच मिनिटं ती कुणाचीतरी आक्का होती. म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं. कानातल्या यंत्राला शिव्या देत देत तो बोलत होता. आईच्या शिलाई मशीनवरून त्याचं आणि आक्काचं चार वर्षांपूर्वी जोरदार वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. आज त्याने मन घट्ट करून फोन लावला होता. माझंच चुकलं, तो म्हणाला. मशीन तुझं आहे, घेऊन जा. आणि ती म्हणाली, जाऊ दे, झालं गेलं. रविवारी येते न्यायला.

फोन ठेवून ती आत आली, पाचर काढली आणि वाजवत राहिली. त्या दिवशी हात कधी नव्हे इतका मोकळा चालला. वहीत तिने लिहिलं: ३ ते ३४, चांगलं. फोनचं ती विसरून गेली. म्हणजे विसरायचं ठरवलं. आणि एकट्या माणसाला ते जमतं, आठवण करून द्यायला कुणी नसतं.

कागदावर काय होतं आणि तिला काय ऐकू आलं

व्हायोला, दोन ठोके, हळू.
— हॅलो.

रिकामे, सहा ठोके.

व्हायोला, एक ठोका, जरा उजळ.
— हं.

रिकामे, चौदा.

चेलो, तीन हेलकावे.
— नाही रे. झोपले नव्हते. काम करत होते.

रिकामे, त्रेचाळीस.

चेलो आणि एक बासरी, अगदी थोडं.
— बोल ना. ऐकतेय.

रिकामे, एकशे सहा. (इथे डबल बासवाल्याने सोमवारी मान वर करून सगळे गेले की काय बघितलं.)

हॉर्न, सूर तोच, मोठ्याकडून हळू होत, मऊ, अकरा ठोके.
— जाऊ दे. झालं गेलं. मी विसरलेसुद्धा.

रिकामे, नऊ.

चाळीसही जण, एकदम, पूर्ण उजेडात, चौदा ठोके.
— येते की! रविवारी येते. दाराशी काढून ठेव.

रिकामे, तीन.

व्हायोला, दोन ठोके.
— जेवलास का?

रिकामे, पाच.

व्हायोला, एक ठोका.
— बरं.

तालमीनंतर

"ताई," डबल बासवाला वाद्याला खोळ घालताना म्हणाला. हा माणूस गेली वीस वर्षं प्रत्येक नव्या रचनेला नाक मुरडत आला होता. "बाकीच्याचं काही खरं नाही. पण ते मधलं जमलंय. ते चाळीस जणांचं येतं ना, तिथे माझ्यासारख्याला गहिवरून आलं. आता बोला."

वृंदाचा संचालक तर जमिनीपासून दोन बोटं वर चालत होता. पंचेचाळिशीचा, घाईचा माणूस. "ताई, त्या भागासाठी मी उरलेला अर्धा तास सहन करतोय, खरं सांगतो."

"ते चुकून आलंय."

"चुकून आलेलंच खरं असतं, हे तुम्हीच परवा मुलाखतीत सांगितलंत."

"ते दुसऱ्या चुकांबद्दल होतं," ती म्हणाली. "मला ते काढावं लागेल बहुतेक."

त्याचा चेहरा उतरला. "शनिवारपर्यंत विचार करा. पण कृपा करून विचार करा, नुसतं काढू नका."

मंगळवार, मास्तरांकडे

मास्तरांची खोली म्हणजे कागदांचं गोदाम. बसायला जागा करायची तर कुणाचीतरी सबंध रचना उचलावी लागायची.

"तुम्हाला कळलं नाही का, मी जागेवर नाहीये ते?" तिने विचारलं. "एकच सूर पाच मिनिटं?"

"कळलं की."

"मग?"

"मग काय? मी उतरवणारा. मासे निवडणारा नव्हे. जाळ्यात आलं ते लिहिलं." मास्तरांनी चष्मा पुसला. "आणि खरं सांगू का बाई? राग मानू नका. मला वाटलं, बाई पहिल्यांदाच कुणासाठी तरी थांबल्या."

तिने बसायला जागा करताना उचललेले कागद मांडीवर सरळ केले.

"तीस वर्षं ऐकतोय तुम्हाला. तुम्ही फट ठेवत नाही. माणसाने मधे शिरायचं कुठून? तुमच्या त्या चौकडीत मी दोनदा वाजवलं, आठवतं? श्वास घ्यायला थांबलो तर माझी जागा तुम्ही भरून टाकलेली."

चौकडी तिला आठवत होती. आयत्या वेळी सुचेल ते मिळून वाजवणारे चौघं. आधी चौकडी मोडली, मग जोडी उरली, मग तीही मोडली. "तुझ्याबरोबर वाजवणं म्हणजे धबधब्याशी गप्पा मारणं," जाताना शेवटचा म्हणाला होता. त्यानंतरच तिने पेटीला मायक्रोफोन जोडला होता.

"आणि हे," मास्तर म्हणाले, "एकशे सहा ठोके! मोजताना मी दोनदा चुकलो. एवढं कान देऊन कुणाचं ऐकत होतात?"

"दुसऱ्याच्या भावाचं," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

मास्तरांनी टेबलावरची पेन्सिल इकडून तिकडे लोळवली. मग म्हणाले, "म्हणजे तो पाच महिने वाट बघतोय."

तिला ते माहीत होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून आलं तेव्हा ते खरं झालं. कागदावरचे चौदा ठोके कापले काय आणि ठेवले काय, एक म्हातारा रविवार मोजत होताच.

एकोणीस

तिच्या फोनला शेवटचे पन्नास नंबर लक्षात ठेवायची सोय होती. पाच महिन्यांत एकोणीस जमले होते. त्या मंगळवारचा शोधायला फार खाली जावं लागलं नाही.

बुधवारी सकाळी तिने तो फिरवला. आधी कामाच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"आक्का!" पहिल्याच शब्दात तक्रार. "अगं, काय हे! किती रविवार झाले!"

"मी आक्का नाही," ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "त्या दिवशीही नव्हते. तुमचा नंबर चुकला होता. मी... मी सांगितलं नाही."

कानातलं यंत्र शिट्टी वाजल्यासारखं किंचाळलं. तिने रिसीव्हर कानापासून लांब धरला.

"मग मशीन न्यायला कोण येणार होतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कुणीच नाही."

"तेल घालून दाराशी ठेवलंय. येता-जाता पायाला लागतं."

"माझं चुकलं. तुम्ही आता आक्कांना फोन करा. खऱ्या."

"आणि काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच."

"ते मी एकदाच म्हणू शकत होतो, बाई," तो म्हणाला. चिडून नव्हे, हिशेब संपल्यासारखा. "चार वर्षं लागली ते तोंडातून काढायला. ते निघालं, तुम्ही घेतलंत. आता परत कुठून आणू?"

"निदान त्यांचा नंबर..."

फोन ठेवला गेला होता. तिने पुन्हा लावला तर उचलला नाही. संध्याकाळीही नाही.

बहात्तर

एखादा सूर एकदा सापडून हरवला की तो परत शोधायची तिची एक रीत होती. सगळी बटणं होती तशी ठेवायची. एकच फिरवायचं, एकेक घर. नाही सापडला तर ते मूळ जागी आणायचं आणि पुढचं घ्यायचं. कंटाळवाणं काम, पण सूर सापडतोच. तो कुठे जाणार?

म्हाताऱ्याने आक्काचाच नंबर फिरवला होता आणि कुठेतरी एक आकडा चुकला होता. एकच चुकला असेल असं धरून चालायचं. तिच्या नंबरात आकडे आठ. प्रत्येक जागी दुसरे नऊ. नऊ आठे बहात्तर.

बुधवारची दुपार आणि सबंध गुरुवार ती बोळकांडीत स्टूल टाकून बसली.

दुसरा: "इथे आक्का नाही, गॅरेज आहे. गाडी आणायची तर उद्या आणा."

सहावा ते अकरावा: हा नंबर अस्तित्वात नाही, असं एकच बाई सहा वेळा म्हणाली. सहाव्या वेळी तिला त्या बाईचा आवाज ओळखीचा वाटायला लागला.

सतरावा: लहान मुलगी. "आई अंघोळीला गेलीय. तू कोण?" हा प्रश्न अवघड होता.

चोविसावा: "आक्का? हो, बोलते." क्षणभर आशा. मग कळलं की ही वेगळी आक्का, हिला पाच भाऊ आणि पाचांशीही बोलणं चालू, "आणि कटकट नुसती!"

एकोणतिसावा: एक माणूस, ज्याला फोन ठेवायचा नव्हता. आक्का नाही म्हणाला, मग हवापाणी विचारलं, मग तुमच्याकडे वीज नीट आहे का, मग उगाच थांबून राहिला. तिला ते थांबणं ओळखता आलं. ती त्याच्याशी सहा मिनिटं बोलली, कोणाचंही सोंग न घेता.

तेहतिसावा: "परत फोन केलात तर पोलिसात देईन."

एक्केचाळिसावा गुरुवारी दुपारी लागला.

"आक्का आहेत का?"

"आहे. कोण?"

"तुमच्या भावाकडे तुमच्या आईंचं शिलाई मशीन आहे का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज होता, तो थांबला.

रिकाम्या जागेत काय होतं

आधी आक्काने तिला यथास्थित झोडपून काढलं. लाज कशी वाटली नाही, घरात आरसा आहे का, वय काय तुमचं. ते सगळं ऐकून घेणं सोपं होतं, कारण खरं होतं. मग आक्काचा श्वास संपला.

"काय म्हणाला तो?"

"तुमच्याशी बोलतील ते, तुम्ही..."

"तुम्ही सांगा. सगळं. पहिल्यापासून."

आणि तिच्या लक्षात आलं की तिला सगळं येतंय. मुद्रणात त्याचं अक्षरही नव्हतं, कागदावर नुसते रिकामे ठोके होते, पाच महिने उलटले होते. तरी एकेक वाक्य जसंच्या तसं, त्याच्या थांबण्यासकट, हजर होतं. तिने ते सांगितलं. पदरचं काही घातलं नाही.

"म्हणाले, आक्का, झोपली होतीस काय गं. मग म्हणाले, तुला गुडघ्यामुळे दुपारची पण झोप लागते आताशा, असं ऐकलं."

"कुणी सांगितलं त्याला?"

"ते नाही म्हणाले. मग म्हणाले, फोन ठेवू नको, मी मधे थांबलो तर समज की मी शब्द शोधतोय. मग थांबले."

"किती?"

"बराच वेळ. मी म्हटलं, बोल ना. तेव्हा म्हणाले, आईने मशीन तुलाच द्यायचं ठरवलं होतं. मला तिने तसं सांगितलं होतं. शेवटच्या आठवड्यात, शुद्धीत असताना. मी ते तुला सांगितलंच नाही. बायकोला हवं होतं म्हणून नव्हे. तिला शिवता कुठे येतं? मला हवं होतं. लहानपणी आईच्या पायाशी बसून मी ते चाक बघायचो, म्हणून. मशीन बंदच आहे, मी नुसतं चाक फिरवून बघतो. माझंच चुकलं. तुला चोर म्हणालो, चोर मी."

पलीकडे काहीच नव्हतं. तिनेही काही घातलं नाही.

"चोर मी, असं म्हणाला?"

"हो."

"परत सांगा."

"तुला चोर म्हणालो, चोर मी."

"आणि तुम्ही त्यावर काय म्हणालात?"

"म्हटलं, जाऊ दे. झालं गेलं. मी विसरलेसुद्धा."

"वा!" आक्का म्हणाली. "तुम्हाला काय जातंय म्हणायला! भरल्या घरात मला चोर म्हणाला तो. चार वर्षं मी ते उशाला घेऊन झोपतेय. आणि तुम्ही एका दमात सोडून दिलंत? मी नसतं सोडलं. निदान पहिल्या फोनला तरी नसतं. रडवला असता आधी चांगला."

"आता करा."

"आता काय करायचं ते माझं मी बघीन. तुम्ही कोण सांगणाऱ्या?"

खरंच होतं. तिने फोन ठेवला नाही. तो आक्काने ठेवला. बोळकांडीत स्टुलावर ती तशीच बसून राहिली. पाच महिने तिच्याजवळ एक गोष्ट होती, चोरीची का होईना. ती आता ज्याची त्याच्याकडे गेली होती. पुढे काय झालं हे तिला कुणी कळवणार नव्हतं. उरलेले एकतीस नंबर लावायची गरज नव्हती.

शुक्रवार

"ठेवतेय," तिने संचालकाला सांगितलं.

"शाबास!"

"दोन गोष्टी सोडून. हॉर्नांचे अकरा ठोके काढा. आणि चाळीस जणांचे चौदा."

संचालकाने हातातले कागद खाली ठेवले. "म्हणजे तुम्ही जेवायला बोलावताय आणि ताट काढून घेताय. ताई, सबंध रचनेत सगळे मिळून वाजवतात अशी ती एकच जागा आहे. लोक तेवढंच घरी घेऊन जातील."

"माहीत आहे."

"मग कारण?"

"ते मी म्हणायचं नव्हतं. बाकीचं माझं आहे. झोपले नव्हते, काम करत होते, हे खरं होतं. बोल ना म्हटलं, तेही खरं. जेवलास का, हे मी मनापासून विचारलं. पण माफी माझी नव्हती आणि येते म्हणालेलंही माझं नव्हतं."

"लोकांना त्यातलं काही कळणार आहे का?"

"नाही."

"मग?"

तो तिच्याकडे बघत राहिला, तिने काही भर घालावी म्हणून. तिने घातली नाही. शेवटी त्याने सुस्कारा टाकला, "चाळीस माणसांची तोंडं तुम्ही बघा मग," म्हणाला आणि पेन्सिल घेतली.

मास्तरांनी चाळीस कागदांवर स्वतः दुरुस्ती केली. अकरा, नऊ, चौदा आणि तीन मिळून सदतीस रिकामे ठोके. डबल बासवाल्याने आपला कागद पाहिला. "एवढं एकच धड होतं तुमचं," तो म्हणाला, "तेही गेलं?" आणि वाद्याकडे तोंड करून बसला. दिवसभर बोलला नाही.

शनिवार, बारावं मिनिट

सभागृह तीन चतुर्थांश भरलेलं. पेटी गप्प. तिचे हात मांडीवर. सगळ्यांना ती दिसत होती, काहीही न करणारी.

व्हायोला, चेलो. काम करत होते. पुढच्या रांगेतली एक बाई मान पुढे काढून ऐकत होती. बोल ना. ऐकतेय. एकशे सहा ठोके. कुणी खोकलं, एक खुर्ची करकरली, संचालकाचा हात हवेत हळू हळू ठोके देत राहिला. एकशे सहा संपले आणि पुढचे सदतीस त्यालाच जोडून लागले. ऐकणाऱ्याला ती एकच शांतता होती. शिवण फक्त तिला दिसत होती.

तिने मोजायला सुरुवात केली. पहिल्याच ठोक्याला हॉर्नवाल्यांपैकी एकाने सवयीने वाद्य ओठांशी नेलं आणि खाली घेतलं. बाराव्याला मागे कुठेतरी दोन टाळ्या वाजल्या, एकट्याच पडल्या आणि ओशाळून थांबल्या. एकविसाव्याला चाळीस जणांनी न वाजवता श्वास घेतला. तो तिला ऐकू आला. तिचा हात मांडीवरून उचलला गेला. पट्टी वीतभर अंतरावर होती. एक बोट पुरलं असतं; लोकांना बरं वाटलं असतं, संचालकालाही, तिलाही. तीस वर्षं ती हेच करत आली होती.

तिने हात परत ठेवला.

एकोणतीस. तीस. कदाचित म्हाताऱ्याच्या दाराशी अजून मशीन असेल, कदाचित नसेल. कदाचित आक्का त्याला अजून रडवत असेल. चौतीस. ते काहीही असो, ते या जागेत नव्हतं. इथे फक्त जागा होती. छत्तीस. सदतीस.

व्हायोलांनी दोन ठोके विचारलं.

पुढचे पाच ठोके तिने मोजले नाहीत, नुसती ऐकत राहिली. समोर अंधारात कुणी हललं नाही. मग व्हायोलांनी एक ठोका वाजवून ते संपवलं, संचालकाने तिच्याकडे बोट केलं, आणि तिची पाळी आली.